आजोबांचा (किंवा आजीचा) चाकू तुमच्याकडे कसा आला? वापरता की जपून ठेवता?

गोदाकाठ

घरात वाटण्या होतात तेव्हा शेत, घर, दागिने यांची यादी होते. तांब्यापितळेच्या भांड्यांवरूनही दोन शब्द इकडेतिकडे होतात. खिशातल्या चाकूचं नाव मात्र मी कुठल्याच यादीत पाहिलेलं नाही. तो जुन्या कोटात, पत्र्याच्या ट्रंकेत नाहीतर शिलाई मशीनच्या खणात सापडतो आणि ज्याच्या हाताला लागला त्याचा होतो. म्हणून विचारतोय. तुमच्या आजोबांचा मिटवायचा चाकू (आजीचाही चालेल, चालेल काय, पळेल) तुमच्याकडे आला असेल तर कसा आला, आज त्याला काय काम आहे, आणि धार कोण लावतं?

आधी माझा सांगतो. आईच्या वडिलांचा. ते नाशिकच्या मेन रोडला एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचे. चाकू दोन पात्यांचा, काळ्या शिंगाच्या मुठीचा. मोठं पातं फळाला, छोटं पेन्सिलीला. पात्याच्या मुळाशी तारा आणि क्रूस अशी खूण आहे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांना ही खूण १७६४ मध्ये मिळाली होती. पुढे तिच्या नकलाही भरपूर निघाल्या, त्यामुळे माझा अस्सल आहे असा दावा नाही. पातं साध्या कार्बन पोलादाचं आहे एवढं नक्की. लिंबू कापलं की निळसर काळं पडतं. स्टेनलेस स्टील शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये काढलं, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं कार्बन पोलादाचे चाकू निघतच होते. तेव्हा काळं पातं दिसलं की लगेच ‘शंभर वर्षं जुना’ म्हणून छाती फुगवू नका.

खरा पेच वेगळाच आहे. मोठं पातं आता रुंदीला निम्मंच उरलंय. धार लावली की थोडं पोलाद जातंच. आजोबांनी लावून लावून ते इथवर आणलं. मी लावली तर आणखी जाणार. नाही लावली तर त्याने साधा पेरूही कापला जाणार नाही. मी लावतो. तुम्ही?

निफाडी_काडी

आमच्याकडे चाकू म्हणजे कलमाचा. आजोबांना आम्ही दादा म्हणायचो.

पूर्वी द्राक्षाची काडी स्वतःच्याच मुळावर लावायचे. पुढे पाणी कमी पडायला लागलं, जमिनी खारवटल्या, आणि डॉगरिज नावाच्या काटक द्राक्षवेलीच्या खुंटावर थॉमसन जातीच्या द्राक्षाचं कलम करायची पद्धत आली. दादांनी साठी उलटल्यावर हे नवं शिकून घेतलं. चाकू मात्र आधीचाच, सुतळी नि पेरू कापणारा. त्याची एक बाजू त्यांनी दगडावर घासून पार सपाट करून टाकली. साधं पातं दोन्ही बाजूंनी उतरतं असतं, त्यामुळे लाकडात शिरताना ते वळतं आणि काप मधे पोकळ येतो. एका अंगाने सपाट असलं की सरळ जातं. काडीवर दोन डोळे ठेवायचे, खाली पाचर तासायची, खुंटाला चीर देऊन ती बसवायची. दोन्हींच्या सालीखालचा जो हिरवा थर असतो तो निदान एका बाजूने तरी एकमेकांना भिडला पाहिजे, आणि वरून पट्टी घट्ट. मधे हवा राहिली की कलम गेलंच समजा. पाचर एकेका झटक्यात झाली पाहिजे. “काडीला कळलं नाही पाहिजे का आपल्याला कापलं म्हणून,” हे दादांचं वाक्य.

दादा ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत गेले. दहावं झाल्यावर चुलत्यांनी सोसायटीचं पासबुक, पंपाच्या चाव्या, औषधांची वही असं सगळं ओट्यावर मांडलं. चाकू नव्हता. तो आमच्याकडे कलमं बांधायला येणाऱ्या माणसाकडे होता. दादांनीच त्याला शिकवलेलं. तेराव्याला तो आला आणि सगळ्यांसमोर चाकू माझ्यापुढे ठेवून म्हणाला, “भाऊ, हा तुमच्या घरचा.” मी घेतला. हंगाम आला तसा परत त्याच्याच हातात दिला. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे यात वाद नाही. बाकीचं वर्ष चाकू माझ्या खिशात, कलमाच्या दिवसांत त्याच्या. धाकट्या चुलत्यांना हे अजून पटलेलं नाही. “घरची वस्तू गड्याच्या खिशात?” असं दर वर्षी एकदा तरी ऐकावं लागतं.

गर्डलिंगला मात्र हा चाकू लागत नाही, त्याला दोन पात्यांचा वेगळा मिळतो. खोडावरची सालीची बारीक पट्टी गोल काढायची, म्हणजे पानांनी तयार केलेलं अन्न मुळांकडे उतरत नाही, घडांनाच मिळतं आणि मणी फुगतो. दादांना तो प्रकारच मान्य नव्हता. वेलीच्या गळ्याला सुरी लावायची आणि वर तिच्याकडूनच माल मागायचा, हे त्यांना बसत नव्हतं. बाजाराला मोठा मणी लागतो हे वडिलांना कळत होतं. त्या दोघांचं यावरून बांधावर किती वेळा वाजलं!

धार आम्ही दोघंही लावतो. फक्त वाकडी बाजू घासायची, सपाट बाजूला हात लावायचा नाही.

खवचट_नाशिककर

आमच्या आजोबांकडून मला फक्त मधुमेह आला. चाकू काकांनी नेला.

आजीचीनात

गोदाकाठ, आजीला जागा दिल्याबद्दल आभार. माझी आजी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, भाजी विकायची. बुधवारच्या बाजारात तिची जागा ठरलेली, इतर दिवशी पंचवटीत हातगाडी. तिचा चाकू वणीच्या यात्रेतला, लाकडी मुठीचा. मूठ ढिली झाली तेव्हा तिने सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली, ती अजून आहे. शेफील्ड वगैरे काही नाही. पात्यावर एक शिक्का होता तो माझ्या जन्माआधीच झिजून गेलेला.

तो कायम तिच्या कमरेला, बटव्यात. पोत्याची सुतळी, मेथीच्या जुडीची मुळं, कोबीची वरची पानं, गिऱ्हाइकाला चवीपुरती काकडी, सगळं त्याच एका पात्यावर. गंगेला पूर यायला लागला की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेकडे सगळ्यांच्या नजरा, पाणी कुठवर चढलं ते बघायला. २०१६ च्या ऑगस्टात पाणी इतक्या झपाट्याने चढलं की गाठी सोडायला वेळच नव्हता. आजीने ताडपत्रीच्या दोऱ्या भराभर कापल्या, शेजारच्या दोघींच्याही कापल्या. नंतर त्यांतली एक नव्या दोरीचे पैसे मागायला आली होती, हे आजी मरेपर्यंत हसून सांगायची.

धार ती घाटाच्या पायरीवर लावायची. पाण्याच्या काठाला बसून, पातं ओलं करून, दोन बाजू सारख्या. दगड काळा, आपला नेहमीचा.

चाकू कुणाच्या हातात देऊ नये, भांडण होतं, असं ती मानायची. खाली ठेवायची, आपण उचलायचा. माझ्या बाळंतपणात तो माझ्या उशाखाली होता. माझा त्यावर विश्वास नाही, सासरच्यांचाही नाही, तरी काढायचं धाडस कोणी केलं नाही. सव्वा महिन्यानंतर आजी स्वतः येऊन घेऊन गेली, कारण बाजारात दुसऱ्या चाकूने तिचं चालत नव्हतं.

ती थकली तेव्हा तिने चाकू माझ्यापुढे ठेवला. काका तिथेच होते. म्हणाले, “आई, पोरीला चाकू कशाला?” आजी म्हणाली, “पोरीलाच पाहिजे.” विषय संपला.

मी बँकेत आहे. चाकू पर्समध्ये नाही ठेवत, घरी ओट्याच्या खणात असतो. आंबे, फणसाची पाकिटं, कुरियरचे खोके. धार मीच लावते. घाटावर नाही, घरी पाट्याच्या मागच्या बाजूवर. आणि त्याची पूजा फक्त खंडेनवमीला, नवऱ्याच्या स्कूटरच्या शेजारी, तेही झेंडू उरलाच तर.

टूलरूम_सातपूर

पाट्यावर चालेल, पण ताई, पाट्याला टाकी लावलेली बाजू घेऊ नका, धारेला दाते पडतील. बाजारात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक खरखरीत, एक मऊ. खरखरीत बाजू वर्षातून एखाद्या वेळी, एरवी मऊच. मऊ बाजूवर पोलाद फार कमी जातं. गोदाकाठ, तुमच्या पेचाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

बाकीचं अर्धं म्हणजे सायकलवरच्या धारवाल्याला आणि कंपनीतल्या ग्राइंडरला जुना चाकू देऊ नका. धारवाला वाईट नसतो, विळ्या नि कात्र्यांना तो ठीकच आहे. पण कोरडं चाक वेगात फिरतं आणि चाकूचं पातं पातळ, त्यामुळे टोक क्षणात तापतं. पोलाद तापून पिवळसर झालं म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास गेलं, तिथवर ठीक. निळं झालं म्हणजे तीनशेच्या जवळ, तिथलं पाणी उतरलं. मग कितीही धार लावा, दोन टोमॅटोंत गेली. आमच्या आजोबांचा चाकू चुलतभावाने हौसेने बेंच ग्राइंडरवर धरला आणि टोकाकडचा भाग मोरपिशी करून आणला. दिसायला सुंदर! आता तेवढा भाग मऊ आहे आणि तो हाताने झिजवून मागे गेल्याशिवाय खालचं चांगलं पोलाद लागणार नाही. पुन्हा पाणी देता येईल का असं विचाराल तर पातं मुठीतून काढावं लागेल, आणि जुनी मूठ निघताना तडकते. मी तो तसाच ठेवलाय.

आजोबा आयटीआय झालेले नव्हते, पण फिटर होते. हा चाकू त्यांनी केबलची सालपटं काढायला वापरला. त्यामुळे धारेच्या मधोमध एक खाच आहे, वायर बसेल एवढी. ती मी मुद्दाम घासून घालवलेली नाही, अजून उपयोगी पडते.

कोणाचा चाकू उघडायला जड झाला असेल तर ओढाताण करू नका. सांध्यात रॉकेलचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा, हळूहळू हलवा, मळ बाहेर येईल तो पुसा, मग शिलाई मशीनचं तेल. खोबरेल नको, काही दिवसांनी चिकट होतं. गंज असेल तर तेल लावून बारीक स्टील वूलने चोळा. पॉलिश पेपर आणि बफिंग मशीन या दोन गोष्टींनी जेवढे शिक्के मिटवले असतील तेवढे गंजाने मिटवले नसतील. पात्यावरचा काळपटपणा म्हणजे गंज नव्हे, तो राहू द्या. तांबूस असेल तोच काढायचा. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवू नका, चामडं ओल धरतं.

मिटवताना ‘टक’ असा आवाज येत नसेल तर पाठीची पट्टी सैल झाली किंवा रिबीट झिजली. पितळी तारेची नवी रिबीट ठोकणारे भांडी बाजाराच्या बाजूला अजून आहेत, विचारत जा. ठोकताना पात्याच्या सांध्यात पातळ कागद ठेवायला सांगा, नाहीतर पातं जाम बसतं.

बोरूबहाद्दर

नावावरून ओळखलं असेलच. सिन्नरकडचे आम्ही. पणजोबांकडे कुळकर्णीपण होतं, ते १९५० च्या कायद्याने गेलं. दप्तर सरकारजमा झालं, घरात राहिलं ते एक लाकडी कलमदान आणि त्यातला करंगळीएवढा चाकू. पणजोबांकडून आजोबांकडे, आजोबांकडून माझ्याकडे. मधे वडिलांना त्यात रस नव्हता, ते बॉलपेनवाले.

हा चाकू फक्त बोरू कापण्याचा. बोरू आधी लांब उतरता तासायचा, मग मधोमध बारीक चीर, म्हणजे शाई टोकापर्यंत उतरते. शेवटी टोक एखाद्या कठीण तुकड्यावर ठेवून एकाच दाबात तिरकं छाटायचं. दोनदा दाबलं तर टोकाला तंतू सुटतात आणि अक्षर फुटतं. मोडी सलग लिहायची असते, हात उचलायचा नाही, त्यामुळे बोरूत खोट असली की पहिल्याच ओळीत उघडी पडते. आजोबांचं म्हणणं असं की दप्तरात अक्षर पाहून माणूस ओळखता यायचा, आणि आळशी माणूस तर बोरू पाहूनच.

हल्ली मोडी शिकतोय. बोरू याच चाकूने करतो. कलमदान मात्र बहिणीकडे आहे, तिच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात. चाकू पण दे, सेट पूर्ण होईल, असं ती म्हणते. मी म्हटलं, तू कलमदान दे, मग इकडेही सेट पूर्ण होईल. सध्या इथवर गाडी आली आहे.

कॅम्पातला

देवळाली. आजोबा लष्कराच्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन कामाला होते. गोरे सैनिक मायदेशी जायला लागले तेव्हा जड सामान इथेच विकून टाकायचे, पलंग, ट्रंका, बूट. त्या ढिगातला हा चाकू. जाड पातं, डबा उघडायचं हत्यार, आणि दोरीच्या गाठी सोडवायचा एक जाडजूड टोचा. मुठीला लोखंडी कडी. पात्यावर छोटी बाणाची खूण आहे. ब्रिटिश सरकारी मालावर ती असायची.

हा चाकू सुंदर अजिबात नाही. वजनाने खिसा फाटतो. आजोबा त्याने कंडेन्स्ड मिल्कचे डबे उघडायचे आणि आम्हा नातवंडांना बोटाने चाटायला द्यायचे. वडिलांनी ट्रेकला नेला, मी हरिहरला नेला. टोच्याचा खरा उपयोग मला तिथेच कळला, ओल्या दोरीची गाठ नखांनी सुटतच नाही.

इथे एक विचारायचं होतं. शेजाऱ्यांकडे अशाच वयाचा एक चाकू आहे, मूठ सांबरशिंगाची. त्यांना ऑनलाइन विकायचा आहे. चालतं का?

काळाकोट

नाही. सांबरशिंगाची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. ‘गळून पडलेलं शिंग होतं’ हा बचाव चालत नाही. त्यांना म्हणावं, फोटोही टाकू नका विक्रीसाठी. घरात वारशाने आलेल्या वस्तूचं काय करायचं ते वनविभागात जाऊन विचारून घ्या. साध्या गुराच्या शिंगाला ही अडचण नाही, पण फोटोवरून कळत नाही, त्यामुळे बघितल्याशिवाय मत मागू नका.

खिशात चाकू बाळगण्याबद्दलही लोक विचारतात. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र म्हणून धरलं आहे, आणि त्यातूनही घरगुती, शेतीची, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची हत्यारं वगळली आहेत. वरचे सगळे चाकू त्यात कुठेच बसत नाहीत. तरीसुद्धा सणासुदीला, निवडणुकीला पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, तेव्हा चाकू खिशात घालून मिरवणुकीत जायचं नाही. सिंहस्थात तर नाहीच नाही. आणि विमानाने जाताना हातातल्या बॅगेत नको, मोठ्या सामानात टाका. आजोबांची आठवण आहे हे तपासणीवाल्याला सांगून उपयोग नसतो, त्याच्याकडे तशा आठवणींची पेटी भरलेली असते.

वारसाहक्काचं म्हणाल तर चाकू ही जंगम मालमत्ता, नातीचा हक्क वगैरे सगळं तिथे आहे. पण चाकूसाठी कोर्टात आलेलं अशील मी अजून पाहिलेलं नाही. बोरूबहाद्दर आणि त्यांच्या भगिनी पहिल्या ठरू शकतात.

खवचट_नाशिककर

काकांना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, चाकू कुठला, मी तर तो कधीच भंगारात दिला. मधुमेहच अस्सल वारसा निघाला.

बागलाणकर

सटाण्याकडचे आम्ही. घरात अहिराणी. आजोबांचा चाकू एकच आणि नातू तीन. मी मधला. आजोबांनी तिघांनाही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी “हाऊ चाकू तुना शे” असं सांगून ठेवलेलं. ते गेल्यावर तिघांनीही आपापला साक्षीदार उभा केला. धाकट्याची साक्षीदार आजी, माझी साक्षीदार आत्या, आणि थोरल्याचा साक्षीदार एक म्हातारा सालदार, जो आजोबांचा शब्द आजोबांच्याच आवाजात म्हणून दाखवायचा.

शेवटी आजीने निकाल दिला. दर दसऱ्याला चाकू एका घरून दुसऱ्या घरी जाईल. खंडेनवमीला ज्याच्याकडे असेल त्याने पूजा करायची, दसऱ्याला सोनं द्यायला जाताना चाकू पोचवायचा. देताना धार लावूनच द्यायची, बोथट चाकू कोणी स्वीकारणार नाही. हे शेवटचं कलम आजीनेच घातलं आणि तेच महागात पडलं. तिघंही भाव खायला जास्तच धार लावतात. टूलरूमवाल्यांनी मऊ बाजूचं सांगितलं ते मी आज दोघांनाही पाठवलं.

थोरला लगेच उत्तरला, म्हणे तूच खरखरीत बाजूवर घासतोस. धाकटा नाशिकला फ्लॅटमध्ये राहतो, त्याच्याकडे दगडच नाही. तो चाकू एका दुकानात देऊन आणतो आणि पावती जोडतो. या दसऱ्याला चाकू त्याच्याकडून माझ्याकडे येणार आहे. पात्याची रुंदी मोजून लिहून ठेवायची असं आत्ताच ठरलंय, आणि मोजमाप आत्या करणार.